बी.बी.ए.ला एमआयएस घ्यावं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

व्यवस्थापनाच्या पदवीत 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स', म्हणजे एमआयएस, हा धंद्यातली माहिती नोंदवून ती निर्णयांसाठी वापरायच्या यंत्रणांचा विषय घ्यावा की नाही, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं या खेपेस आली. मी चाकण-भोसरी पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत सिस्टिम विभाग सांभाळला आणि आता पदवीच्या मुलांना हाच विषय शिकवते, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. त्यातली चार निवडली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला एमआयएस आहे. व्याख्या, वैशिष्ट्यं, प्रकार, फायदे-तोटे, सगळं पाठ करून लिहायचं. तरीही विषय आवडतो आणि तिसऱ्या वर्षी त्यातच स्पेशलायझेशन करावं असं वाटतं. इंजिनिअरिंगला असलेला मामेभाऊ म्हणतो, कोडिंग येत नसेल तर याला बाजारात कोणी विचारत नाही. वडील म्हणतात, मार्केटिंग घे. त्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. मी काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. वडिलांची हळदीची अडत आहे! जो विषय तू पाठ करते आहेस, तो तुमच्या दुकानात रोज चालतो. पुस्तक आठवडाभर बाजूला ठेव आणि सौद्याच्या दिवशी सकाळीच दुकानात जाऊन बस. एकच लॉट धर आणि त्याचा शेवटपर्यंत पिच्छा सोडू नकोस.

समजा, एका शेतकऱ्याची बारा पोती राजापुरी हळद उतरली. आवकेच्या वहीत पहिली नोंद झाली : नाव, गाव, पोती. मग लॉट लागला, सौदा निघाला. कोणत्या व्यापाऱ्याने काय भावाने घेतला ते दुसरीकडे लिहिलं गेलं. मग तोलाई झाली, वजनाची चिठ्ठी फाटली. त्या चिठ्ठीवरून व्यापाऱ्याचं बिल, त्याच चिठ्ठीवरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी, आणि बाजार समितीच्या सेसचा हिशोबही त्याच उलाढालीवर. म्हणजे एकच वजन चार-पाच ठिकाणी उतरवलं गेलं, आणि तेही बहुधा वेगवेगळ्या हातांनी. आता विचार कर. हे वजन कुठे चुकू शकतं? चुकलं तर ते आधी कोणाच्या लक्षात येईल, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या की मुनीमजींच्या? त्याच दिवशी येईल की महिनाअखेरीस हिशोब जुळवताना? एवढ्या प्रश्नांची उत्तरं तू कागदावर मांडलीस तर 'सिस्टिम अॅनालिसिस' नावाचं अख्खं प्रकरण तुझं झालं. डेटा फ्लो डायग्राम काढायला सांगतात ना, तो याचाच काढायचा.

पुस्तकात एक पिरॅमिड असेल. तळाला व्यवहारांची नोंद, मध्ये व्यवस्थापकाचे अहवाल, वर मालकाचे मोठे निर्णय. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये नियोजन आणि नियंत्रणाच्या तीन पातळ्या मांडल्या, त्यावर हा पिरॅमिड उभा आहे. मुलं तो रंगीत पेनांनी सुरेख काढतात आणि विसरून जातात. तुझ्या दुकानात तो असा दिसेल : हिशोबपट्टी करणं हा तळ. कोणत्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे आणि ती तीस दिवसांची आहे, साठ दिवसांची की नव्वदच्या पुढे गेलेली, हा तक्ता म्हणजे मधली पातळी. तो पाहून वडील ठरवतात, की या व्यापाऱ्याला पुढच्या सौद्यात उधारीवर माल द्यायचा की आधीची बाकी मागायची. आणि पुढच्या हंगामासाठी शीतगृहात जागा आत्ताच धरून ठेवावी का, हा वरचा निर्णय. त्याला गेल्या काही वर्षांची आवक आणि भाव हाताशी लागतात. परीक्षेत प्रकार विचारले की हेच उदाहरण लिही. तपासणाऱ्याला शंभर उत्तरपत्रिकांत विमान कंपनीचं तिकीट आरक्षण वाचून कंटाळा आलेला असतो.

आता कोडिंगचं. तुझ्या मामेभावाचं अर्धं खरं आहे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तुला यायलाच हवी, त्यात सूट नाही. सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय आणि त्यांची गुंफण. रोज तासभर बसलीस तर एका सत्रात हात बसतो, आणि सरावासाठी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस फुकट मिळतात. पुढे थोडं पायथन आलं तर चांगलंच. पण त्याआधी तक्ते कसे मांडायचे ते शीक, कारण खरी परीक्षा तिथे होते.

आपण तुमच्याच दुकानाचे मांडू. शेतकरी, व्यापारी, लॉट, सौदा असे चार तक्ते. शेतकऱ्याचं नाव एकाच तक्त्यात, एकदाच. बाकी सगळीकडे फक्त त्याचा क्रमांक. ही कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली आणि आजही बँकांपासून रेल्वेपर्यंतचे हिशोब तिच्यावर चालतात. पण हा क्रमांक म्हणून काय धरायचं? नाव चालणार नाही, एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात. मोबाइल नंबर बदलतो, शिवाय बाप आणि लेक एकच नंबर देतात. मग स्वतंत्र क्रमांकच द्यावा लागतो. आता पुढचा प्रश्न : एका लॉटचे दोन व्यापाऱ्यांत भाग पडतात का? हे वडिलांना विचार. पडत असतील तर वजन लॉटच्या तक्त्यात ठेवून चालणार नाही, ते सौद्याच्या तक्त्यात गेलं पाहिजे. तिथे चूक झाली तर वर कितीही सुंदर प्रोग्राम लिहा, महिनाअखेरीस हिशोब जुळणार नाही.

हा प्रश्न कोणत्याही प्रोग्रामिंगच्या वर्गात शिकवत नाहीत, तो धंद्यात वावरलेल्या माणसालाच सुचतो. मामेभाऊ प्रोग्राम तुझ्यापेक्षा चांगला लिहील. पण त्या प्रोग्रामने काय करायचं, हे त्याला सांगणारं माणूस प्रत्येक कंपनीला लागतं आणि तसं माणूस मिळता मिळत नाही. मी वर्षानुवर्षं मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून हे ठामपणे लिहिते आहे.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. एका कारखान्यात नवी ईआरपी यंत्रणा, म्हणजे खरेदी, साठा, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा स्टोअरमधल्या सगळ्या मालाला कोड द्यायचं काम घाईघाईने उरकलं गेलं. आठ मिलिमीटरचा एकच बोल्ट. तो कुणी 'बोल्ट एम ८' म्हणून घातला, कुणी 'एम ८ हेक्स बोल्ट', कुणी 'हेक्स बोल्ट ८ एमएम'. यंत्रणेच्या दृष्टीने या तीन वेगळ्या वस्तू झाल्या. एका कोडखाली साठा शून्य दिसे, म्हणून खरेदी विभाग ऑर्डर टाके. आणि दुसऱ्या कोडखालच्या पेट्या मांडणीवर धूळ खात पडलेल्या. सॉफ्टवेअरमध्ये काडीचा दोष नव्हता. दुरुस्ती केली ती स्टोअरचे जुने सुपरवायझर आणि एका बी.कॉम. झालेल्या मुलीने मिळून. एकेक पेटी उघडून, वर्णन लिहायची एकच पद्धत ठरवून त्यांनी तो आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, स्वच्छ केला. ती मुलगी पुढे त्या विभागाची प्रमुख झाली. तुमच्या एमआयएसच्या पुस्तकात 'डेटा क्वालिटी' या शीर्षकाखाली चार ओळी असतील. त्या चार ओळींवर कारखाने अडतात.

तेव्हा स्पेशलायझेशन जरूर घे. जोडीला अकाउंट्स कच्चं ठेवू नकोस. नावे-जमा ज्याला कळत नाही, त्याला कुठलीच ईआरपी आतून कळत नाही. टॅली तुमच्या दुकानात असेलच. त्यात एक खरेदी नोंदवली की ती कोणकोणत्या खात्यांत उमटते ते उघडून बघ. आणि एक काळजी घे. मोठी फी घेऊन 'सॅप' या ईआरपी सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र देणारे वर्ग कॉलेजच्या दारात येतील. खरेदीची ऑर्डर, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे का सोडत नाहीत, हे समजण्याआधी त्या वर्गाला पैसे भरू नकोस. नुसती बटणं कुठे आहेत ते कंपनी पहिल्या महिन्यात शिकवते.

वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, मुलगी आधी दुकानाची थकबाकी एका तक्त्यात आणून दाखवेल, मग स्पेशलायझेशनचं बोलू.

प्रश्न : मुलगा यंदा लातूरला बारावी कॉमर्स होईल. त्याला कॉम्प्युटर आणि बिझनेस दोन्हींत रस आहे. बी.बी.ए. करावं की बी.सी.ए.? आणि सीईटी द्यावीच लागते का?

उत्तर : २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्याच वर्षी राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. तेव्हा परीक्षेच्या अर्जाची तारीख चुकवू नका. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. काही कॉलेजं मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे अभ्यासक्रमही चालवतात. पदवी नेमकी कोणती मिळणार, ते लेखी विचारा.

दोन्हींतलं कोणतं, हे नावावरून ठरवू नका. तिसऱ्या ते पाचव्या सत्रातल्या विषयांची यादी मागा. डेटाबेस, सिस्टिम अॅनालिसिस आणि कॉस्टिंग हे तिन्ही ज्या यादीत असतील आणि प्रयोगशाळेचे तास खरोखर होत असतील, तो अभ्यासक्रम त्याच्यासाठी. प्रयोगशाळेचं शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, बी.एम.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीत 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' म्हणून निवड झाली आहे. मुलाखतीत एक्सेलमधलं फक्त व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल विचारलं. मित्र म्हणतात, ही कारकुनी आहे, यातून वर जाता येत नाही. घरून लगेच नोकरी धरायचा आग्रह आहे. काय करावं?

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. आपल्याकडच्या कंपन्यांत या पदावरचा माणूस बहुतेक वेळ रिपोर्ट बनवतो. सकाळी शाखांकडून आलेल्या एक्सेलच्या फायली उघडायच्या, एकत्र जोडायच्या, कालची विक्री आणि वसुली साहेबांच्या मेलवर टाकायची, संध्याकाळी पुन्हा तेच. कॉलेजात शिकलेल्या एमआयएसचा हा एक कोपरा आहे. तरीही नोकरी घे, असं मी म्हणेन. फक्त रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. या फायलींतले आकडे कोणत्या यंत्रणेतून येतात, आणि मला त्या यंत्रणेचा निदान वाचण्यापुरता तरी प्रवेश मिळेल का? दुसरं, हा रिपोर्ट कोण वाचतं आणि वाचून काय ठरवतं? दुसऱ्या प्रश्नावर 'ते तुम्हाला काय करायचंय' असं उत्तर आलं, तर तिथे वर्षभराहून जास्त थांबू नकोस.

रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे सांगितलेलं काम चोख कर. मग एकेका रिपोर्टचा माग काढ. कुठला आकडा हाताने टाइप होतो, कुठे एखादी फाइल उशिरा आली की सगळं अडतं, कुठे दोन विभाग 'विक्री' म्हणून दोन वेगळे आकडे देतात. हे शेवटचं तर हमखास सापडतं. एक विभाग बिल केलेल्या रकमेला विक्री म्हणतो, दुसरा पोहोचलेल्या मालाला, आणि बैठकीत दोघे भांडतात. व्याख्या कोणती धरायची हे साहेबांकडून लेखी ठरवून घे. जीएसटीचं काम जवळपास असेल तर आनंदाने अंगावर घे. आपलं खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणारा तक्ता, यांचा मेळ घालणं याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं नाही किंवा बिलाचा क्रमांक चुकीचा टाकला, की तुमच्या कंपनीला खरेदीवरच्या कराचं मिळणारं क्रेडिट अडकतं. दुसऱ्याच्या चुकीने आपला पैसा कसा थांबतो, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

एक्सेलला कमी लेखू नकोस आणि त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नकोस. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात काय झालं ते लक्षात ठेव. प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्याहून जास्तीच्या ओळी गळून पडल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचे दिवस हातचे गेले. आजच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण मुद्दा ओळींचा नाही. पाठवल्या किती आणि पोहोचल्या किती, हे दोन आकडे कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. तू प्रत्येक रिपोर्टच्या खाली हे दोन आकडे ठेवत जा. कुणी सांगितलं नसलं तरी.

आणि रोज तेच ते जोडकाम करताना एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शीक, मग एसक्यूएल. दोन तासांचं काम दहा मिनिटांवर आलं की उरलेला वेळ साहेबांना न सांगता गप्पांत घालवू नकोस. त्या वेळात विक्री आणि स्टोअरच्या माणसांजवळ जाऊन बस. बिझनेस अॅनालिस्टच्या मुलाखतीत मी उमेदवाराला फॉर्म्युले विचारत नाही. 'तुमच्या कंपनीत ऑर्डर आल्यापासून पैसे येईपर्यंत काय काय होतं?' एवढंच विचारते. यावर पाच मिनिटं अडखळता न बोलणारी मुलं फार थोडी असतात.

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसला असतो. मुलगी इथल्या विद्यापीठात बिझनेस शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे आणि मेजर म्हणून एमआयएस घ्यायचं म्हणते. पुण्यातले नातेवाईक विचारतात, कॉम्प्युटर सायन्स का नाही? गणित जमत नव्हतं का? मलाही काळजी वाटते. हा विषय अर्धवट तर नाही ना?

उत्तर : ताई, तुम्ही जिथे राहता तिथेच हा विषय विद्यापीठात रुजला, हे नातेवाइकांना जरूर कळवा. मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक गॉर्डन डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं पद्धतशीर शिक्षण सुरू केलं, आणि या क्षेत्रातलं अग्रगण्य संशोधन नियतकालिक १९७७ मध्ये तिथूनच निघालं. गणित न जमणाऱ्यांची सोय म्हणून हा विषय निघालेला नाही. कंपन्यांनी लाखो डॉलर घालून कॉम्प्युटर आणले आणि त्यांचा उपयोग कसा करायचा हे ना हिशोबनिसांना सांगता येत होतं, ना तंत्रज्ञांना. त्या गरजेतून तो उभा राहिला.

ती गरज आजही तेवढीच आहे. १९९९ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीने तीन मोठ्या यंत्रणा एकदम चालू केल्या, त्याही जुलैत, हॅलोविन सणाच्या ऑर्डरींची धांदल सुरू होण्याच्या सुमारास. सल्ला चार वर्षं घेण्याचा होता, काम अडीच वर्षांत दामटलं. सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत, आणि चॉकलेट तर गोदामांत होतं! हंगामात जादा माल जिथे तात्पुरता ठेवला जाई, त्या सगळ्या जागा यंत्रणेत नोंदवलेल्याच नव्हत्या. कामगारांना त्या माहीत होत्या. त्यांना विचारून त्या जागा कागदावर आणायच्या आणि यंत्रणेत बसवायच्या, हे काम करायला तुमची मुलगी शिकणार आहे. मला यात अर्धवट काही दिसत नाही.

तिला संशोधनाची, अल्गोरिदमची ओढ असेल तर कॉम्प्युटर सायन्सच घ्यावं, तिथे एमआयएस पुरणार नाही. पण ती बिझनेस शाखेत आपखुशीने गेली आहे आणि दुसऱ्या वर्षी विचार करून हे म्हणते आहे, तर तिच्या निवडीवर विश्वास ठेवा. फक्त विषय निवडताना तिने दोन काळज्या घ्याव्यात. डेटाबेसचा कोर्स शेवटच्या वर्षावर ढकलू नये; पुढच्या बहुतेक कोर्सना तो पाया म्हणून लागतो आणि उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखतींतही तोच विचारतात. आणि ऐच्छिक विषयांत सगळे तांत्रिकच न घेता अकाउंटिंग किंवा सप्लाय चेन यांतला एक विषय वरच्या पातळीपर्यंत न्यावा. इंटर्नशिप मोठ्या नावाच्या कंपनीतच हवी असा हट्ट नको. एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात किंवा रुग्णालयाच्या खरेदी विभागात मिळाली, तर तिथे तिला पूर्ण व्यवहार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायला मिळेल. अशा जागांचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होतात, तेव्हा सप्टेंबरात तिला रेझ्युमे तयार ठेवायला सांगा.